भाऊसाहेबांचे उरलेले नव्वद दिवस

मानवाने काळावर मिळवलेला सर्वांत मोठा विजय म्हणजे शैक्षणिक वर्ष होय. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती निव्वळ सवयीने; शैक्षणिक वर्ष मात्र विचारपूर्वक, नियमानुसार आणि सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने फिरते.

हे उद्गार आमच्या महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेले आहेत. त्याच पानावर खाली, तितक्याच ठळक अक्षरांत, 'जिन्याखाली सायकली लावू नयेत' असेही छापले आहे. गेल्या एक्केचाळीस वर्षांत यातले दुसरे वाक्य लोकांनी निदान वाचले असावे, कारण सायकली नेमक्या जिन्याखालीच असत. पहिल्याचा अर्थ काय, हे कोणी कोणाला विचारले नव्हते. मीही नाही. मी या महाविद्यालयाचा पदवीधर आहे. म्हणजे गेल्या वर्षापर्यंत तशी माझी प्रामाणिक समजूत होती.

विचारायची वेळ आणली ती भाऊसाहेबांनी.

भाऊसाहेब हे महाविद्यालयाचे हेडक्लार्क. पस्तीस वर्षे एकाच खुर्चीवर, एकाच खिडकीमागे. माणूस गोड. कोणाला कधी वरच्या आवाजात बोलले नाहीत. फक्त कोणाचाही अर्ज त्यांनी पहिल्या फेरीत स्वीकारला नाही. अर्ज हातात घ्यायचे, वरपासून खालपर्यंत वाचायचे, शिसपेन्सिलीने एक हलकीशी खूण करायचे आणि हसून परत द्यायचे. 'तेवढी त्रुटी पूर्ण करून आणा.' पस्तीस वर्षांत एकच अर्ज पहिल्या झटक्यात मंजूर झाल्याची नोंद आहे. त्या दिवशी ते चष्मा घरी विसरले होते. त्यांची पत्नीही त्यांना खिडकीतूनच लाभली. ती पहिल्या वर्षाला होती, तिच्या अर्जात त्रुटी होत्या. त्या पूर्ण करायला ती सात वेळा आली आणि आठव्या वेळी लग्न ठरले. शिक्षण तिथेच थांबले. अर्जातली त्रुटी अजून आहे म्हणतात.

तर भाऊसाहेबांना साठ पूर्ण झाली. नियम असा की, कर्मचारी ज्या शैक्षणिक वर्षात साठ पूर्ण करील त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी तो निवृत्त होईल. घरी तयारी जय्यत होती. मुलगी दुसऱ्या गावी. तिला नऊ महिन्यांची छोकरी. मुलीची रजा संपत आली होती आणि ती कामावर गेल्यावर छोकरीला सांभाळायला आजीआजोबा कायमचे तिकडे जाणार, हे ठरलेले होते. भाऊसाहेबांच्या पत्नीने, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनींनी, सगळे सामान बांधून टाकले होते. कुंड्या शेजारी देऊन झाल्या. घरात दोन ताटे, दोन वाट्या, एक पातेले आणि दोन माणसे एवढेच उघडे राहिले होते.

भाऊसाहेबांनी निवृत्तीचा अर्ज लिहायला घेतला. अर्जाचा नमुना त्यांचाच. एक ते तेरा रकाने त्यांनी वळणदार अक्षरात भरले आणि चौदाव्याशी येऊन पेन थांबले. 'चालू शैक्षणिक वर्ष संपल्याचा दिनांक (पुरावा जोडावा).'

हा रकाना त्यांनीच बावीस वर्षांपूर्वी घातला होता. नमुना छापायला द्यायच्या वेळी पानाच्या तळाशी दोन बोटे जागा उरली होती आणि कोरी जागा भाऊसाहेबांना बघवत नसे. त्यानंतर निवृत्त झालेल्या लोकांनी तो कसा भरला, असे कोणी विचारील. कोणीच भरला नाही. अर्ज त्रुटीसह पुन्हा पुन्हा परत येऊ लागल्यावर ती मंडळी कंटाळून कामावर यायचीच बंद झाली आणि त्यालाच निवृत्ती समजण्यात आले.

भाऊसाहेबांना तसे करता येईना. त्यांनी अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, चौदाव्या रकान्यापाशी शिसपेन्सिलीने हलकीशी खूण केली, आणि तो स्वतःलाच परत केला. त्रुटी पूर्ण करण्यासाठी सात दिवसांची मुदतही दिली.

मुदतीत काम व्हावे म्हणून ते प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यबाई कामसू. त्यांच्या टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रक, आणि वेळापत्रकावर फायलींचा ढीग. त्यामुळे वेळापत्रक कोणी पाहिलेले नव्हते. शैक्षणिक वर्ष संपल्याचा दाखला हवा, असे भाऊसाहेबांनी सांगितले. बाईंना त्यात काही अवघड वाटले नाही. शेवटचा पेपर झाला की वर्ष संपते, त्या म्हणाल्या, आणि परीक्षा विभागाला फोन लावला.

परीक्षा विभागाने सांगितले की पेपरने काही संपत नाही, निकालाने संपते. आणि दोन विषयांचा निकाल तीन वर्षांपासून अंतिम टप्प्यात आहे. प्रवेश विभागाच्या मते पुढचे वर्ष सुरू झाले की मागचे आपोआप संपते. पण पुढच्या वर्षाचे प्रवेश तर मागच्या वर्षाच्या परीक्षेआधीच सुरू झाले होते, म्हणजे मागचे वर्ष स्वतःच्या परीक्षेपूर्वीच संपले असावे. ग्रंथालयाचे म्हणणे सरळ होते. वर्ष संपते ते शेवटचे पुस्तक परत येते तेव्हा. एकोणीस वर्षांपूर्वी एका मुलाने नेलेला भूमितीचा दुसरा भाग अजून यायचा होता, त्यामुळे त्यांच्याकडे एकोणीस वर्षांपूर्वीचेच वर्ष चालू होते. ग्रंथपाल त्या हिशेबाने तरुणही दिसत.

"असं कसं," प्राचार्यबाई म्हणाल्या. "एवढं मोठं कॉलेज चालवतोय आपण. चालू वर्ष कुठलं ते कुणालातरी माहीत असेलच की."

माहीत असणारे कोणी सापडले नाही, तेव्हा रीतसर समिती नेमण्यात आली. 'शैक्षणिक वर्ष अर्थनिश्चिती समिती.' अध्यक्ष म्हणून तर्कशास्त्राच्या सरांची निवड झाली, कारण त्यांना वेळ होता. गेली सहा वर्षे त्यांच्या विषयाला एकही विद्यार्थी नव्हता. तरी ते रोज अकराला येत, सात नंबरच्या खोलीत जाऊन रिकाम्या बाकांकडे पाहत बसत आणि बाराला उठत. समितीचे सचिव म्हणून भावी.

भावी म्हणजे भाऊसाहेबांच्या हाताखालचे क्लार्क. वय बावन्न. भाऊसाहेबांनंतर हेडक्लार्क तेच होणार हे अकरा वर्षांपूर्वीच ठरले होते, म्हणून सगळे त्यांना भावी म्हणत. घरी बायकोसुद्धा. त्यांनी त्या खुर्चीच्या मापाची उशी शिवून आणली होती आणि ती कपाटात ठेवली होती. अधूनमधून ते तिला ऊन दाखवत.

समितीने पहिल्या बैठकीत दुसरी बैठक घेण्याचे ठरवले आणि दुसऱ्या बैठकीत सरांनी नियमांचे जाड पुस्तक उघडले. ही चूक होती. ते पुस्तक तोवर खिडकीला टेकू म्हणून लावलेले होते आणि तिथे ते उत्तम काम करत होते. व्याख्या सापडली. 'शैक्षणिक वर्ष म्हणजे किमान एकशे ऐंशी प्रत्यक्ष अध्यापनदिवसांचा कालावधी.' सर खूश झाले. तारीख नाही, निकाल नाही, पुस्तक नाही. एकशे ऐंशी दिवस शिकवून झाले की वर्ष संपले. शिकवून झाले नाहीत तर संपले नाही.

आता प्रश्न एवढाच उरला, की प्रत्यक्ष शिकवले कधी, हे कसे ठरवायचे. प्राध्यापकांच्या दैनंदिन्या निरुपयोगी ठरल्या. त्यांत रविवारीसुद्धा दोन-दोन तास झालेले होते. हजेरीपटावर एक मुलगा तर सलग पाच वर्षे हजर होता, आणि चौकशीअंती तो या गावातच नव्हता. तेव्हा कोणालातरी शिपाईमामांची आठवण झाली.

शिपाईमामा महाविद्यालयाच्या पहिल्या दिवसापासून आहेत. त्यांना नवा डस्टर हवा असेल तर जुना किती वेळा वापरला याचा पुरावा द्यावा लागे. हा नियम भाऊसाहेबांच्याही आधीचा; त्यांनी तो फक्त जपला. म्हणून मामांनी एक्केचाळीस वर्षे वही ठेवली होती. रोज संध्याकाळी सगळ्या खोल्यांतून फिरायचे आणि लिहायचे. 'फळा पुसला.' किंवा, 'पुसावा लागला नाही.' अशा सत्तावीस वह्या. त्यांतल्या पंचवीस दुसऱ्या प्रकारच्या वाक्याने भरलेल्या होत्या.

"मामा, एवढे दिवस फळा पुसायची वेळच आली नाही?" सरांनी विचारले.

"पुसायला आधी कोणीतरी लिहायला लागतं, सर," मामा म्हणाले.

मोजणी अकरा दिवस चालली. भावी वाचत, सर रेघा मारत. ज्या दिवशी फळ्यावर, मामांच्या टिपणाप्रमाणे, फक्त 'आज तास होणार नाही' एवढेच लिहिलेले होते ते दिवस सरांनी न्यायबुद्धीने वगळले. बेरीज आली सतराशे दहा दिवस. तिला एकशे ऐंशीने भागले. नऊ वर्षे पुरी आणि वर नव्वद दिवस.

अहवाल अडीच पानांचा होता आणि त्याचा सारांश असा. महाविद्यालय एक्केचाळीस वर्षांचे नसून साडेनऊ वर्षांचे आहे. सध्या दहावे शैक्षणिक वर्ष चालू असून ते निम्मे झाले आहे. ते संपायला नव्वद दिवस हवेत. गेल्या वर्षी, म्हणजे बाहेरच्या लोकांचे जे गेले वर्ष त्यात, फळा सात वेळा पुसला गेला. या गतीने दहावे वर्ष आणखी सुमारे तेरा वर्षांनी संपेल. यापुढील दिवसांची मोजणी काटेकोर व्हावी म्हणून खोलीत किमान वीस विद्यार्थी हजर असल्याशिवाय तो दिवस धरू नये. मागचे दिवस मात्र झाले तसे पदरात घ्यावेत.

मला वाटले होते, गहजब होईल. उलट सगळ्यांची कळी खुलली. प्राचार्यबाईंची नेमणूक पाच शैक्षणिक वर्षांसाठी होती आणि त्यातली चार वर्षे गेली म्हणून त्या खंतावलेल्या होत्या. आता हिशेब केला तेव्हा त्यांचा कार्यकाल जेमतेम दोन महिने झालेला निघाला. त्यांनी लगेच पडदे बदलायला सांगितले. इतिहासाचे सर निवृत्तीला चार महिने उरले म्हणून रक्तदाबाची गोळी घेत. ती त्यांनी बंद केली. दारावरची 'एक्केचाळीस वर्षांची परंपरा' ही पाटी उतरवून 'एक तरुण संस्था' अशी लावण्यात आली.

दुःखी दोघेच. भाऊसाहेब आणि भावी. भावींचे दुःख जास्त गुंतागुंतीचे होते. त्यांनी बोटांवर मोजले. तेरा वर्षांनी आपण पासष्ट. म्हणजे मधे कुठेतरी साठ पूर्ण होणार, आणि तेव्हाही हे दहावे वर्षच चालू असणार. नियमाप्रमाणे दहावे वर्ष संपेल त्याच दुपारी भाऊसाहेबही निवृत्त आणि आपणही. आयुष्यभर भावी राहून ते एकदम माजी होणार होते, मधला टप्पा न लागता. त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातली उशी काढली आणि बराच वेळ तिच्यावर न बसता तिच्याकडे बघत उभे राहिले.

भाऊसाहेबांनी घरी जाऊन अहवाल वाचून दाखवला. वहिनी तेव्हा बांधलेल्या ट्रंकेतून मिठाचा डबा शोधत होत्या. मुलीने रजा वाढवून घेतली होती आणि तिच्या ऑफिसने 'सहा महिने, हे शेवटचे' असे कळवले होते. त्यानंतर छोकरीला सांभाळणारे कोणी नसेल तर मुलीला नोकरी सोडावी लागणार होती. मोठ्या कष्टाने मिळवलेली नोकरी. तेरा वर्षांनी आजीआजोबा पोहोचले असते तर छोकरीनेच त्यांना सांभाळले असते.

वहिनींनी सगळे ऐकून घेतले. डबा सापडला. झाकण घट्ट बसले होते, ते उघडत त्या म्हणाल्या, "अहो, पण नव्वदच दिवस राहिलेत ना?"

"तेच तर सांगतोय."

"मग शिकवा की नव्वद दिवस. त्यात काय एवढं?"

भाऊसाहेबांनी अहवाल मिटून ठेवला. पस्तीस वर्षे ते महाविद्यालयात होते. समितीत विद्वान होते, प्राचार्य होते, नियमांचे पुस्तक होते. ही युक्ती कोणालाच सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी प्रस्ताव दिला. विषय: महाविद्यालयात शिकवणेबाबत. प्राचार्यबाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. त्यांच्या मनाविरुद्ध काही नव्हते, फक्त पूर्वदाखला सापडेना. त्यांनी प्राध्यापकांची सभा बोलावली. प्राध्यापकांनीही तत्त्वतः पाठिंबा दिला. अडचण वेळेची होती. संस्थेच्या अध्यापनाच्या दर्जाचे मूल्यांकन जवळ आले होते. अध्यापन कसे केले, किती केले, त्याचा विद्यार्थ्यांवर काय परिणाम झाला, याची चारशे पाने भरायची होती. "हे सगळं भरायचं का शिकवायचं, एकदा ठरवा," अर्थशास्त्राच्या बाई म्हणाल्या. त्यांचे म्हणणे रास्त होते, म्हणून इतिवृत्तात घेण्यात आले.

मागच्या खुर्चीवरून तर्कशास्त्राचे सर उठले. उठताना खुर्चीचा आवाज झाला म्हणून त्यांनी आधी माफी मागितली.

"मी शिकवीन," ते म्हणाले. "मला चालेल."

शिक्षक मिळाला. राहिले विद्यार्थी. भाऊसाहेबांना वाटले हे सोपे. पटावर दोन हजार एकशे नावे होती. ते सकाळी फाटकापाशी जाऊन उभे राहिले. समोरच्या रस्त्यावरून मुलांचे लोंढे जात होते, पण ते सगळे पलीकडच्या खासगी क्लासच्या इमारतीत शिरत होते. एकाला त्यांनी अडवले आणि तासाला बसायची विनंती केली. मुलगा सभ्य होता. त्याने कानातली वायर काढून नीट ऐकून घेतले.

"काका, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," तो म्हणाला. "शिकायला आम्ही समोर जातो. इथे आम्ही फक्त ॲडमिशन घेतलीय."

आठवडाभर उभे राहून एकही आला नाही. एक मुलगी आत आली तेव्हा भाऊसाहेब तिला खोली दाखवायला पुढे धावले, पण तिला फक्त जिन्याखालची सायकल काढायची होती.

शेवटी मार्ग काढला तो सरांच्या तर्काने. विद्यार्थी कोण? ज्याचे शिक्षण अपुरे आहे तो. पदवीला शैक्षणिक वर्षे लागतात तीन, म्हणजे पाचशे चाळीस दिवस. आमच्याकडे तीन बाहेरची वर्षे काढलेल्या पदवीधराच्या वाट्याला सरासरी एकशे पंचवीस दिवस आले होते. म्हणजे पदवीधर म्हणून जे अठरा हजार लोक बाहेर हिंडत होते, त्यांतल्या बहुतेकांचे पहिले वर्षसुद्धा पुरे झालेले नव्हते. ते सगळे अजून आमचे विद्यार्थीच होते. फक्त बरेच दिवस गैरहजर.

अठरा हजार पत्रे गेली. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपले प्रथम वर्ष अद्याप चालू असून आपण तासाला उपस्थित राहावे.'

उत्तरे येऊ लागली. एका गृहस्थांनी विचारले होते की पदवी नसेल तर पदवी पाहून झालेले लग्न टिकते का; सोबत त्यांच्या सासऱ्यांचेही एक स्वतंत्र पत्र होते, त्यात तोच प्रश्न जरा आशेने विचारलेला होता. समोरच्या क्लासचा मालक आमचाच माजी विद्यार्थी निघाला. नव्वद दिवसांचे शिक्षण एका रविवारी दुपारच्या जेवणासह उरकून देण्याची तयारी त्याने दाखवली. एक विद्यार्थी शिक्षण खात्यात मोठा अधिकारी झाला होता. त्याने उलट लिहिले की आपल्या पत्रात सहा त्रुटी असून त्या पूर्ण केल्याशिवाय पत्राचा विचार होणार नाही. भाऊसाहेबांनी ते पत्र जपून ठेवले. सहाच्या सहा त्रुटी खऱ्या होत्या.

प्रत्यक्ष आले सतरा जण. त्यांत एक फोटोग्राफर, एक शिंपी, दोन आज्या, एक विमा एजंट, एक बसचालक, आणि मी. सात नंबरच्या खोलीत आम्ही बाकांवर बसलो तेव्हा गुडघे आत जाईनात. शिवाय पहिल्या बाकावर वहिनी. त्यांचे पहिले वर्ष तर घोषितच अपुरे होते. त्यांच्या शेजारी भावी, तेही इथलेच पदवीधर. उशी त्यांनी बाकावर घातली होती.

पहिल्या तासाला सर खडू घेऊन उभे राहिले. सहा वर्षांत बाकांनी त्यांच्याकडे उलटून पाहिले नव्हते. त्यांनी फळ्यावर सावकाश लिहिले. 'जो शिकतो तो विद्यार्थी. मी शिकतो. म्हणून...' आणि आमच्याकडे वळले.

"म्हणून मला बसचा सवलतीचा पास मिळेल का?" फोटोग्राफरने विचारले.

सर म्हणाले की निष्कर्ष बरोबर आहे, अर्ज भाऊसाहेबांकडे द्यावा. भाऊसाहेब खिडकीतून आत बघत होते. त्यांनी हसून मान डोलावली. त्रुटी दिसल्याच होत्या.

बारा वाजता मामा आले. त्यांनी आमची डोकी मोजली. पुन्हा मोजली. मग फळा पुसला, वही उघडली आणि लिहिले. 'फळा पुसला. धरू नये.'

आम्ही एकोणीस होतो. नियम विसाचा.

भाऊसाहेबांनी खूप प्रयत्न केले. स्वतः बसता येईना, कारण ते इथले विद्यार्थी कधीच नव्हते. मामांना बसवावे तर मोजणार कोण. प्राचार्यबाई खासगीत सहानुभूती दाखवत, पण त्यांचे पडदे नुकतेच लागले होते. तीस दिवस आम्ही एकोणीस जण रोज बसलो. सरांनी जीव ओतून शिकवले. दोन आज्यांचे एका निष्कर्षावरून भांडण झाले आणि ते दोघींनी तर्कशुद्ध पद्धतीने मिटवले. वहिनी तर असे प्रश्न विचारू लागल्या की सर घरून वाचून येऊ लागले. पण नियमाच्या दृष्टीने यातले काही घडलेले नाही. ते फक्त आम्हाला समजले आहे. शैक्षणिक वर्ष होते तिथेच उभे आहे, आणि त्याला अजून नव्वद दिवस हवेत.

परवा भाऊसाहेबांनी दिनदर्शिका घेऊन शांतपणे मोजले. येत्या सोमवारपासून एकही दिवस न चुकता वीस जण हजर राहिले, तर नव्वदावा दिवस आणि मुलीच्या रजेचा शेवटचा दिवस एकच येतो. एक दिवस चुकला तरी गेले. मग दिनदर्शिका मिटून खिडकीत ठेवली. ज्यांनी उभ्या जन्मात कोणाला अर्जाशिवाय काही दिले नाही, त्यांना अर्जाशिवाय काही मागणे जमत नव्हते.

म्हणून त्यांच्या वतीने मी लिहितो आहे. विसावा माणूस तुम्ही व्हा. तुम्ही म्हणाल, मी त्या कॉलेजचा नाही. भाऊसाहेबांनी तेही तपासले आहे. व्याख्या सगळ्या महाविद्यालयांना एकच आहे आणि अपुरा विद्यार्थी कुठल्याही महाविद्यालयातून बदली घेऊन येऊ शकतो. तुमची पदवी तुम्ही चौकट करून भिंतीवर लावली असेल. तिच्याखाली जरा उभे राहा आणि तुमच्या वेळी फळा किती वेळा पुसला गेला ते आठवून पाहा. एकशे ऐंशीपर्यंत पोहोचलात तर येऊ नका. मी प्रामाणिकपणे आठवले. माझे बावीस झाले, त्यातले नऊ दिवस मी बाहेर चहा पीत होतो.

तेव्हा सोमवारी या. अकरा वाजता, खोली नंबर सात. एका छोकरीचे, एका नोकरीचे, आणि एका गोड माणसाच्या निवृत्तीचे तुमच्यावाचून अडले आहे. भावींचेही. एवढी जबाबदारी तुमच्यावर आजवर कोणी टाकली नसेल.

आणि हो, सोमवारी मला जरा काम निघाले आहे. माझा हजेरी नंबर सतरा. पुकारतील तेव्हा तेवढे 'हजर' म्हणाल का?